टळलेल्या नुकसानीचा हिशेब

(परतूर येथे सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पाण्याचे दोन्ही अवतार ज्याने पाहिले आहेत असा तालुका म्हणून परतूरचा उल्लेख करण्यास हरकत नाही. तालुक्यातून दुधना वाहते. दक्षिणेकडे गोदावरीचे खोरे लागते. सेलू तालुक्यात बांधलेल्या निम्न दुधना धरणाचे पाणी मागे सरत सरत या तालुक्याच्या हद्दीत येऊन टेकते. केवळ नकाशा पाहणाऱ्याला येथे पाण्याची ददात असेल असे वाटणार नाही. परंतु परभणी जिल्ह्यात असताना काय किंवा १ मे १९८१ रोजी नव्या जालना जिल्ह्यात समाविष्ट झाल्यानंतर काय, येथील उन्हाळ्याचे स्वरूप फारसे पालटले नाही. पावसाचे सरासरी मान सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, वर काळी जमीन, तिच्याखाली बेसाल्टचा कातळ, आणि त्या कातळाच्या झिजलेल्या थरात मावेल तेवढेच विहिरीचे पाणी, अशी ही रचना आहे. पाऊस महिनाभर रुसला की कापूस आणि सोयाबीन माना टाकतात; तोच पाऊस एका रात्रीत कोसळला की नाल्याकाठची माती पिकासकट वाहून जाते.

अशा प्रदेशात आपत्ती आल्यानंतर किती खर्च होतो हे सर्वांना ठाऊक असते, कारण तो कागदावर येतो. पंचनामे होतात, याद्या लागतात, अनुदानाच्या रकमा खात्यात जमा होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आलेल्या महापुरानंतर ऑक्टोबरमध्ये राज्य शासनाने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. एवढ्या मोठ्या संकटात ते आवश्यकच होते. परंतु आपत्ती येण्यापूर्वी खर्च केलेल्या रुपयाने नेमके काय वाचविले, याची नोंद करण्यासाठी मात्र कोणत्याही दप्तरात रकाना नसतो. जे नुकसान झालेच नाही त्याचा पंचनामा कोण करणार? बांध फुटला तर वर्तमानपत्रात छायाचित्र येते. बांध टिकला तर त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. आपत्तीपूर्वीच्या कामांना निधी मागताना सरपंचाची जी अडचण होते तिचे मूळ येथेच आहे. न घडलेल्या गोष्टीचे मोल त्याला सांगता येत नाही.

हे मोल सांगण्याची रीत मात्र आहे, आणि ती आजची नाही. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राच्या उधाणाने हॉलंडचे बांध फुटले आणि १८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर तेथील सरकारने नेमलेल्या समितीपुढे प्रश्न उभा राहिला की, नवे बांध किती उंच असावेत? भीतीपोटी उत्तर दिले तर बांध आकाशाला भिडवावे लागतील आणि काटकसरीपोटी दिले तर पुढचे उधाण पुन्हा आत येईल. डेव्हिड व्हान डांट्झिख या गणितज्ञाने १९५६ मध्ये त्याचे उत्तर असे मांडले: बांध आणखी एक हात वाढविण्यास जो खर्च येईल, तो त्या एका हातामुळे टळणाऱ्या संभाव्य नुकसानीपेक्षा कमी असेतोवर बांध वाढवीत जावे, दोन्ही रकमा समान होतील तेथे थांबावे. वरवर पाहता ही वाण्याची अक्कल आहे. परंतु तिच्यात एक मोठी गोष्ट दडली आहे. नुकसान किती होईल या प्रश्नाबरोबर ते किती वर्षांतून एकदा होईल, हा प्रश्नही प्रथमच हिशेबात आला.

आपल्याकडे हा विचार निराळ्या वाटेने आला. १९७२ च्या दुष्काळात गावोगावी खडी फोडण्याची कामे निघाली. मे १९७३ च्या सुमारास राज्यातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास मजूर होते. ज्या पिढीने ते पाहिले तिला त्या खडीच्या ढिगांची आठवण आजही येते. पोटाला अन्न मिळाले हे खरेच, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कित्येक ढीग जागच्या जागी राहिले आणि पुढच्या दुष्काळाला त्यांचा उपयोग झाला नाही. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात प्रयोग म्हणून सुरू केलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळात राज्यभर पसरली, तिचा १९७७ मध्ये कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या कल्पनेचे मर्म असे की, संकटात द्यावयाची मजुरी अशा कामावर द्यावी की ज्यामुळे पुढचे संकट सौम्य होईल. पाझर तलाव, नाला बांध, समपातळीवरील चर, बांधबंदिस्ती ही कामे त्यातून उभी राहिली. मदतीचाच रुपया प्रतिबंधाच्या कामी लावण्याचा हा विचार महाराष्ट्राने देशाला दिला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. एक गाव कल्पनेने समोर आणावे. आकडे केवळ रीत समजावी म्हणून मानलेले आहेत. त्या गावाने नाला बांध, खोलीकरण व बांधबंदिस्ती यांवर २० लाख रुपये खर्च केले. कामे १५ वर्षे टिकतील असे धरू, आणि त्यासाठी दरवर्षी ५० हजार रुपये गाळ काढण्यास व दुरुस्तीस लागतील. दुष्काळ पाच वर्षांतून एकदा पडतो. कामे नसती तर अशा वर्षी गावाचे ४० लाखांचे नुकसान झाले असते. कामांमुळे ते निम्म्यावर येते. म्हणजे दुष्काळाच्या वर्षी २० लाख वाचतात आणि पाच वर्षांवर वाटले असता दरसाल ४ लाख पडतात. हे झाले टळलेले नुकसान. येथेच बहुतेक जण थांबतात, आणि तेथेच त्यांची गफलत होते. कारण बांध दुष्काळाची वाट पाहत बसत नाही. चांगल्या वर्षीही तो विहिरीला पाणी देतो, रब्बीचे एखादे पाणी वाढते. त्याचे दरसाल दीड लाख धरले तर एकूण लाभ साडेपाच लाखांचा होतो.

परंतु पंधरा वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो, हे उधारीवर बियाणे आणणाऱ्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शेकडा दहा दराने पाहिले तर पंधरा वर्षांनंतरच्या रुपयाची आजची किंमत सुमारे २४ पैसे भरते. या दराने सर्व वर्षांचे लाभ आजच्या किमतीत आणले तर त्यांची बेरीज सुमारे ४१ लाख ८० हजार होते, आणि दुरुस्तीसह खर्च २३ लाख ८० हजार. रुपयामागे एक रुपया पंचाहत्तर पैसे परत आले. दर शेकडा पाच धरला तर तेच काम रुपयामागे सव्वादोन रुपये देते. काम एकच, गाव एकच. केवळ भविष्याकडे पाहण्याच्या दृष्टीत फरक पडला. म्हणून एखादा अहवाल लाभ-खर्चाचे गुणोत्तर सांगू लागला की, दर कोणता धरला, हा पहिला प्रश्न विचारावा. नातवंडांच्या पाण्याला सावकारी व्याजाने मोजणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न गणिताने सुटत नाही.

याच हिशेबात एक बदल करून पाहण्यासारखा आहे. गावाने वर्षाचे ५० हजार वाचविले, गाळ काढला नाही, आणि कामे पाच वर्षांत निकामी झाली असे धरू. आता लाभाची बेरीज शेकडा दहा दराने २० लाख ८५ हजार होते, म्हणजे गुंतविलेले पैसे जेमतेम वसूल झाले; आणि त्या पाच वर्षांत दुष्काळ पडलाच नाही तर तेही नाही. वर्षाकाठी अर्ध्या लाखाची काटकसर गावाला अशी महागात पडते. उद्घाटनाला कोनशिला असते, गाळ काढण्याला नसते, हेही त्याचे एक कारण असावे.

मानलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये, हे योग्यच. पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये देशभरातील ६३६ पाणलोटांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात सरासरीने रुपयामागे दोन रुपये लाभ दिसून आला. मध्यम पावसाच्या व कमी उत्पन्नाच्या प्रदेशांत, आणि जेथे लोकांचा सहभाग प्रत्यक्ष होता तेथे, फळ अधिक चांगले आले. परतूर, मंठा, घनसावंगी हे तालुके या वर्णनात बसतात.

परंतु सरासरीपेक्षा शेजारचे गाव अधिक पटते. जालना तालुक्यातील कडवंची येथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रामागे उभ्या असलेल्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने व विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले. आधी डोंगरउतारावरील चर, मग शेतातील बांध, आणि सर्वांत शेवटी नाल्यातील अडवणूक, असा क्रम पाळला गेला. हा क्रम महत्त्वाचा आहे. माथा उघडा ठेवून नाल्यात भिंत बांधली की ती पाण्याऐवजी माती साठविते. गावाने श्रमदान केले, पुढे शेततळी आली, द्राक्षबागा आल्या.

या गुंतवणुकीची खरी परीक्षा २०१२ साली झाली. त्या वर्षी जालना जिल्ह्यात सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला. जालना शहर टँकरवर आले. जिल्ह्याचे वैभव असलेल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी विकतचे पाणी घालून झाडे जगविण्याचा प्रयत्न केला. पंचनाम्यात येथे एक सूक्ष्म चूक होत असते. ज्वारी गेली तर एका हंगामाचे पीक जाते. मोसंबीचे झाड मात्र लावल्यापासून भरीला येण्यास पाच-सहा वर्षे घेते व पुढे दहा-पंधरा वर्षे फळ देते. ते मेले की एवढी सर्व वर्षे एकदम जातात. त्यावरचे कर्ज मात्र झाडाबरोबर मरत नाही. कडवंचीत त्याच दुष्काळात द्राक्षबागा टिकल्या. वाचलेल्या त्या बागांची पुढील वर्षांची फळे ही १९९६ च्या चरांची मिळकत होय.

तथापि कडवंचीच्या कथेतून केवळ शेततळे उचलणे धोक्याचे ठरते. शेततळ्याची मूळ कल्पना वाहते पावसाचे पाणी अडविण्याची. पुष्कळ ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यात विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी उपसून भरले जाते. जमिनीखाली सावलीत सुरक्षित असलेले पाणी वर काढून उन्हात पसरायचे, आणि त्यातील बराच भाग बाष्पाच्या रूपाने गमवायचा, असा हा उलटा व्यवहार आहे. तळ्याच्या मालकाच्या वहीत तो नफा दिसतो. परंतु शेजारच्या अल्पभूधारकाची विहीर फेब्रुवारीऐवजी डिसेंबरात आटली, तर त्याचे नुकसान कोणाच्या वहीत लिहावयाचे? एका शेताची जोखीम दुसऱ्या शेतावर ढकलली, तर गावाच्या पातळीवर काहीच टळलेले नसते. आपत्तीपूर्व गुंतवणुकीचे मोल ठरविताना लाभाची रक्कम पाहिली जाते. तो लाभ कोणाच्या अंगणात पडला आणि खर्च कोणाच्या विहिरीतून निघाला, हे सहसा पाहिले जात नाही. ग्रामसभेने तरी ते पाहिले पाहिजे. सिंचनाच्या नोंदी शासनाकडे असतात, परंतु कोणाची विहीर कोणत्या महिन्यात आटते हे गावालाच ठाऊक असते.

मोठ्या योजनांनाही हीच कसोटी लागू पडते. डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर २०१९ पर्यंत ९ हजार ६०० कोटींहून अधिक खर्च झाला. २०२० मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने भूजल पातळी वाढविण्याच्या दृष्टीने त्याचा परिणाम अल्प असल्याचे म्हटले, आणि कामांच्या देखभालीच्या उणिवेकडेही बोट दाखविले. त्यावर मतमतांतरे झाली, व अनेक गावांचा अनुभव याहून चांगला असल्याचे सांगण्यात आले. ते असत्य मानण्याचे कारण नाही. अडचण अशी की, बहुसंख्य गावांपाशी कामापूर्वीच्या पाणीपातळीची स्वतःची नोंदच नव्हती. पूर्वी किती होते हे लिहिलेले नसेल तर आता किती वाढले याचा पुरावा कोठून आणणार? कामे झाली, परंतु त्यांची बाजू मांडणारा कागद नव्हता.

काही लाभ रुपयात बसत नाहीत, आणि ते ओढूनताणून बसवू नयेत. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने निवारे बांधले, इशारा गावापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था केली, स्वयंसेवक तयार केले. मे २०१९ मध्ये फणी वादळ आले तेव्हा सुमारे बारा लाख लोकांना अगोदर हलविण्यात आले आणि मृतांची संख्या ६४ वर राहिली. मृताच्या वारसास मिळणारे साहाय्य ही माणसाची किंमत नव्हे. ती केवळ शासनाने पुढे केलेला हात आहे. जे हिशेबनीस तीच रक्कम वाचलेल्या जिवाचे मोल म्हणून मांडतात, त्यांचे गुणोत्तर पाहून प्रतिबंधाची कामे नेहमी तोट्याची वाटतील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जड भिंतींखाली. घर बांधतानाच पायथा, चौकटीची वरची पातळी आणि छत या ठिकाणी काँक्रीटचे पट्टे घालण्यास घराच्या एकूण खर्चाच्या मानाने फार थोडे लागते. त्या पट्ट्यांचे मोल विचारावयाचे तर ते किल्लारीच्या वाचलेल्या माणसाला विचारावे.

मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसे व जनावरे दगावतात. येथे तर धरण नको की चर नको. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप विजेचा संभव थोडा वेळ आधी कळविते. शेतात कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाती मात्र बहुधा फोन नसतो. म्हणून खरी गुंतवणूक आहे ती इशारा शिवारापर्यंत नेण्याची: ग्रामपंचायतीचा भोंगा, देवळाचा व मशिदीचा ध्वनिक्षेपक, शाळेची घंटा. हा खर्च काही हजारांचा आहे. कमी खर्चाच्या कामांना लाभाचे गुणोत्तर सर्वाधिक असते आणि त्यांचे प्रस्ताव सर्वांत कमी येतात, हा विरोधाभास अधिकाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखा आहे.

निधीच्या रचनेतही बदल झालेला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची रक्कम १ लाख ६० हजार १५३ कोटी ठरविताना तिचा पाचवा हिस्सा केवळ सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीपूर्व कामांसाठी, वेगळा काढला. आपत्तीनंतरच्या मदतीचा रुपया व आपत्तीपूर्वीचा रुपया अशी स्पष्ट फाळणी यापूर्वी नव्हती. जालन्यासह राज्यातील १५ जिल्ह्यांत २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प राबविण्यात आला, त्यातही गावाचा पाण्याचा ताळेबंद हाच नियोजनाचा पाया धरला होता. परंतु निधी असो वा प्रकल्प, मागणी करणाऱ्या गावापाशी स्वतःचे आकडे असतील तर त्याचे म्हणणे वेगळ्या वजनाने ऐकले जाते.

ते आकडे जमविणे कठीण नाही. ग्रामपंचायतीने एक साधी वही घालावी. कोणत्या महिन्यात किती टँकर आले. कडब्याचा भाव काय होता. किती जनावरे बाजारात उतरत्या भावाने गेली. कोणत्या नाल्याला किती तास पूर होता व पाणी कोणत्या खुणेपर्यंत चढले. शिक्षकांनी हजेरीपटातून एक गोष्ट वेगळी काढावी: मार्च ते मे या काळात पाण्यासाठी किंवा आईबापांबरोबर स्थलांतरासाठी किती मुले, आणि त्यांत किती मुली, वर्गाबाहेर राहिल्या. टँकरच्या खर्चापेक्षा हे नुकसान मोठे असते, आणि ते कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

आणि विहिरी. १९७२ मध्ये स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत मोजते. त्या विहिरी प्रत्येक गावात नसतात. पाणलोटाच्या माथ्याची एक, मधली एक आणि पायथ्याची एक, अशा तीन विहिरी गावाने निवडाव्यात. एक सुतळी, तिला मीटरच्या गाठी, टोकाला वजन. कठड्यावर रंगाची एक खूण करून दरवेळी तेथूनच मोजावे, आदल्या रात्री उपसा बंद ठेवावा, आणि मोजणाऱ्याने तारखेसह सही करावी. मुले कठड्यापासून दूर राहतील याची काळजी मोठ्या माणसाने घ्यावी. सातवीच्या वर्गाला या तीन विहिरींचा आलेख काढता येतो. यंदाच्या ऑक्टोबरची पहिली नोंद लिहिली गेली, तर पुढील काम मागताना तुलनेला पहिले वर्ष हाताशी असेल.